लास्कोच्या बैलावरचे सहा ठिपके कृत्तिकाच आहेत का? घरबसल्या तपासायची पद्धत

फ्रान्सच्या दॉर्दोन्य भागात मोंतीन्याक गावाजवळ लास्कोची गुहा आहे. १२ सप्टेंबर १९४० रोजी ती सापडली. तिच्या 'बैलांच्या दालना'त एका रानबैलाच्या खांद्यावर सहा काळे ठिपके आहेत. अभ्यासक या बैलाला १८ क्रमांकाचा बैल म्हणतात. १९९०च्या दशकात म्युनिकचे मिखाएल राप्पेनग्ल्युक आणि स्पेनच्या लूस आंतेकेरा काँग्रेगादो यांच्यासारख्या काही जणांनी मांडलं, की हे ठिपके म्हणजे कृत्तिका, बैलाचा डोळा म्हणजे रोहिणी आणि डोळ्याभोवतीचे ठिपके म्हणजे रोहिणीचा शकट (रोहिणीजवळचा इंग्रजी व्ही आकाराचा तारकापुंज). तेव्हापासून 'जगातला सर्वांत जुना आकाशनकाशा' हे शब्द या चित्राला चिकटले ते चिकटलेच.

हा दावा एखाद्याच्या शब्दावर मानायची किंवा उडवून लावायची गरज नाही. साधा संगणक, बहुतेक फुकट मिळणारे चार प्रोग्राम आणि तीन-चार संध्याकाळी एवढ्यात तो बराचसा तपासता येतो. चार प्रोग्राम म्हणजे आकाशासाठी स्टेलॅरियम, फोटोवर मापं घ्यायला इमेजजे, त्याला जोडायचं डीस्ट्रेच आणि गणितासाठी लिब्रेऑफिस कॅल्क किंवा एक्सेल.

आधी दावा सोडवून घ्या

बहुतेक चुका इथेच होतात. 'हे आकाशाचं चित्र आहे' या एका वाक्यात तीन वेगवेगळे दावे दडलेले असतात.

पहिला आकाराचा: ठिपक्यांची मांडणी ताऱ्यांच्या मांडणीशी जुळते. दुसरा ऋतूचा: त्या काळी अमुक नक्षत्र अमुक ऋतूत उगवायचं, म्हणून ते काढलं. तिसरा दिशेचा: गुहेचं तोंड किंवा भिंत सूर्याच्या अमुक स्थानाकडे आहे.

आकाराच्या दाव्याला परांचनाचा काहीही त्रास नाही. परांचन म्हणजे पृथ्वीच्या अक्षाचं २५,८०० वर्षांत एक फेरी मारणं; त्यामुळे सगळं आकाश एकगठ्ठा सरकतं, पण ताऱ्यांची आपसातली मांडणी तशीच राहते. ऋतूचा दावा मात्र पूर्णपणे परांचनावर उभा असतो आणि तारीख थोडी हलली की कोसळतो. दिशेचा दावा सूर्याचा असेल तर तारखेने फारसा हलत नाही. म्हणून कागदावर तीन रकाने करा आणि वाचलेलं प्रत्येक विधान त्यातल्या एकात टाका. एका रकान्यातला पुरावा दुसऱ्यात ओढायचा नाही.

चित्र मिळवणं आणि वाकडा फोटो ओळखणं

मूळ गुहा १९६३ पासून लोकांसाठी बंद आहे. माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड, दमटपणा आणि शेवाळ यांनी चित्रं खराब होऊ लागली होती. मोंतीन्याकला आता लास्को-४ ही पूर्ण प्रतिकृती आहे आणि फ्रेंच सांस्कृतिक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर गुहेची आभासी फेरी मारता येते. मोजमापासाठी त्या फेरीतली किंवा एखाद्या संशोधन-ग्रंथातली प्रतिमा घ्या. पर्यटकाने खालून तिरक्या कोनातून काढलेला फोटो चालणार नाही.

कारण साधं आहे. दालनाची भिंत वाकडी आहे आणि चित्रं डोक्यापेक्षा बरीच वर आहेत. इथला सर्वांत मोठा बैल ५ मीटरपेक्षा लांब आहे. खालून काढलेल्या फोटोत उभी अंतरं दबतात, आडवी तशीच राहतात. म्हणून निदान दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतलेल्या प्रतिमा वापरा आणि दोन्हींवर तीच मापं घ्या. दोन प्रतिमांतच मापांचा फरक १५ टक्के निघाला, तर तुमची मोजपट्टीच तेवढी सैल आहे. त्याहून बारीक 'जुळणी'ला काही अर्थ नाही.

रंग फिके असतील तर डीस्ट्रेच लावा. लाल रंगासाठी वायआरई, काळ्यासाठी वायबीके हे पर्याय आधी बघावेत. पण डीस्ट्रेच खडकावरचे नैसर्गिक डागही तितक्याच उत्साहाने उठवून दाखवतं. त्यात 'नवीन' ठिपका दिसला तर मूळ प्रतिमेत तो रंगाचा आहे की दगडाचा, हे मोठं करून पाहिल्याशिवाय मोजू नका.

आणखी एक सापळा प्रतिबिंबाचा. आंतरजालावर लास्कोचे उलटे छापलेले फोटो फिरतात. १८ क्रमांकाच्या बैलाचं तोंड डावीकडे आणि ठिपके त्याच्या उजवीकडे, खांद्यावर, असं असलं पाहिजे. दक्षिणेकडे तोंड करून आकाश पाहिलं तर कृत्तिका रोहिणीच्या उजवीकडे आणि वर असते. म्हणजे ही एक परीक्षा चित्र पास होतं.

ठिपके मोजा

इमेजजेमध्ये प्रतिमा उघडा, मल्टी-पॉइंट साधन घ्या आणि सहा ठिपक्यांच्या मध्यावर टिचक्या मारा. 'मेझर' केलं की प्रत्येकाचे क्ष आणि य मिळतात. इथे य खालच्या दिशेने वाढतो, हे विसरू नका. आकाशाशी तुलना करताना य चं चिन्ह बदलायचं, नाहीतर आपणच प्रतिबिंब करून बसतो.

आता आकाशाची बाजू. कृत्तिकेतल्या सहा ठळक ताऱ्यांच्या जागा खाली दिल्या आहेत. इलेक्ट्रा शून्यावर धरला आहे, पहिला आकडा पूर्वेकडचं अंतर आणि दुसरा उत्तरेकडचं, दोन्ही कलांमध्ये (६० कला म्हणजे १ अंश). कागदावर उत्तर वर धरून मांडताना पूर्व डावीकडे घ्यायची.

इलेक्ट्रा: ०, ०
टायगेटा: ४.६, २१.२
माया: १३.०, १५.३
मेरोपी: १९.९, −९.९
अल्सायोनी: ३५.७, −०.५
अ‍ॅटलास: ५८.७, −३.६

या जागा आजच्या आहेत, पण १७,००० वर्षांपूर्वीसाठीही चालतात. कृत्तिकेचे तारे एकाच पुंजात जन्मलेले असल्यामुळे त्यांची निजगती (आकाशातली ताऱ्याची स्वतःची चाल) जवळपास सारखी, वर्षाला ०.०५ विकला (६० विकला म्हणजे १ कला). एवढ्या काळात सगळा पुंज मिळून १४ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या निम्म्या रुंदीएवढा सरकला, पण आतला आकार तसाच राहिला.

सहा बिंदूंमध्ये १५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीचं अंतर काढा, सर्वांत मोठ्या अंतराने सगळ्यांना भागा आणि लहानापासून मोठ्याकडे लावा. कृत्तिकेसाठी ही यादी अशी येते: ०.१७, ०.३१, ०.३४, ०.३६, ०.३७, ०.३९, ०.४४, ०.४७, ०.५८, ०.६०, ०.६४, ०.६६, ०.८३, ०.९९, १.००.

बैलाच्या ठिपक्यांची अशीच यादी करा. दोन याद्यांतल्या समोरासमोरच्या आकड्यांचे फरक घ्या, वर्ग करा, १५ वर्गांची सरासरी काढून तिचं वर्गमूळ घ्या. हा तुमचा 'जुळणी-आकडा'. शून्य म्हणजे तंतोतंत. क्रमवारीच्या याद्या वापरण्याचा फायदा असा, की कोणता ठिपका म्हणजे कोणता तारा हे आधी ठरवावं लागत नाही. ते ठरवायला गेलं तर ७२० पर्याय निघतात आणि त्यातला सर्वांत गोड निवडायचा मोह होतो.

आकडा ०.१० किंवा ०.१२ आला की लोक खूश होतात. थांबा. सहा ठिपके सरळ रेषेत, सारख्या अंतरावर मांडले तरी कृत्तिकेशी त्यांचा जुळणी-आकडा ०.११ येतो. तीन-तीनच्या दोन ओळींत मांडले तर ०.१२. हिशोब करून बघा. म्हणजे कृत्तिकेशी काही संबंध नसलेली, कुठल्याही मुलाने पाटीवर काढावी अशी मांडणीसुद्धा इतपत 'जुळते'. यापेक्षा बराच खाली आकडा आला तरच पुढे जायचं.

तीन-तीनच्या दोन ओळींचं उदाहरण हवेतलं नाही. याच गुहेत, 'विवर' नावाच्या खोल भागात, गेंड्याच्या शेपटीमागे अगदी असेच सहा काळे ठिपके आहेत. त्यांना कृत्तिका म्हणायला फारसं कुणी पुढे येत नाही, कारण शेजारी बैलाचा खांदा नाही. एकाच गुहेतले सहा ठिपके एका जागी तारे आणि दुसऱ्या जागी नुसती खूण, असं का, याचं उत्तर दावा करणाऱ्याने द्यायला हवं.

योगायोग किती, ते काढा

कॅल्कमध्ये एका ओळीत १२ घरं घ्या आणि प्रत्येकात रँड हे फंक्शन टाका. हे झाले सहा बिंदूंचे क्ष-य. पुढच्या १५ घरांत जोड्यांची अंतरं, त्यापुढे मॅक्सने भागून स्मॉल फंक्शनने क्रमवारी, शेवटच्या घरात जुळणी-आकडा. ही ओळ १,००० वेळा खाली ओढा. आता काउंटइफने मोजा, की किती ओळींचा आकडा बैलाच्या आकड्याइतका किंवा त्याहून लहान आला.

एक बारकावा: रँड चौकोनात बिंदू पसरतं, भिंतीवरचे ठिपके मात्र बहुधा लांबट पट्ट्यात असतात. बैलाच्या पुंजक्याची लांबी-रुंदी मोजा आणि रँडच्या य ला त्याच प्रमाणात आखूड करा. हे न केल्यास योगायोगाची शक्यता खोटी कमी दिसते. सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते, आणि बहुतेक वेळा नकळत.

हजारात ५० पेक्षा कमी ओळी निघाल्या तर ५ टक्क्यांची कसोटी पास झाली, पण तेवढ्यावर भागत नाही. लास्कोत सुमारे २,००० आकृत्या आहेत आणि त्यांत ठिपक्यांचे पुष्कळ गट आहेत. २० गट तपासून त्यातला सर्वांत चांगला उचलला असेल, तर निव्वळ योगायोगाने निदान एक गट ५ टक्क्यांची कसोटी पास होण्याची शक्यता ६४ टक्के असते. म्हणून गट आधी मोजा, मग कसोटी तेवढ्या पटीने कडक करा. २० गटांसाठी ५ टक्क्यांऐवजी पाव टक्का, म्हणजे हजारात दोन-तीन ओळी.

माणसांकडून काढून घ्या

संगणकाच्या योगायोगापेक्षा ही चाचणी जास्त शिकवते आणि महाराष्ट्रातून अगदी सहज होते. डिसेंबरच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास कृत्तिका आपल्या जवळपास डोक्यावर असते. नक्षत्रांची फारशी माहिती नसलेली दहा-बारा माणसं जमवा, कृत्तिका दोन मिनिटं दाखवा, मग आडोशाला नेऊन लाल विजेरीच्या उजेडात आठवणीतून ठिपके काढायला सांगा. नकाशा किंवा मोबाइल दाखवायचा नाही. प्रत्येकाने किती ठिपके काढले हे लिहा आणि ज्यांनी सहा काढले त्यांचा जुळणी-आकडा काढा.

मिळणारा आकड्यांचा पट्टा ही खरी मोजपट्टी. हिमयुगातल्या चित्रकारानेही गुहेच्या अंधारात, दिव्याच्या उजेडात, आठवणीतूनच काढलं असणार. बैलाचा आकडा त्या पट्ट्यात बसत असेल तर दावा जिवंत राहतो. पट्ट्याबाहेर असेल तर 'कलात्मक स्वातंत्र्य' हे उत्तर नाही, कारण त्या उत्तराने काहीही कशालाही जुळवता येतं.

ठिपक्यांची संख्याही इथेच तपासता येते. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. अल्सायोनी २.९ प्रतीचा, टायगेटा ४.३ चा, सातवा प्लिओनी ५.१ चा आणि तोही अ‍ॅटलासला जेमतेम ५ कलांवर चिकटलेला. शहराबाहेर बहुतेकांना सहा दिसतात, पण खऱ्या अंधारात तीक्ष्ण नजरेला नऊ-दहाही मोजता येतात. हिमयुगात दिव्यांचा उजेड नव्हता. तेव्हा 'सहाच का' हा प्रश्न विचारणं भाग आहे. आपल्याकडे पुराणांत कार्तिकेयाच्या सहा माता, तर तैत्तिरीय संहितेत कृत्तिकांची सात नावं. एकाच परंपरेत संख्या हलते. म्हणून निव्वळ 'सहा आणि सहा' एवढ्यावर काही सिद्ध होत नाही.

रोहिणी आणि प्रमाण

'नकाशा' हा शब्द वापरायचा तर प्रमाण जुळलं पाहिजे. इलेक्ट्रा ते अ‍ॅटलास हे कृत्तिकेचं आडवं अंतर जवळपास १ अंश. अल्सायोनीपासून रोहिणी आज १३.७ अंशांवर आहे. रोहिणीची निजगती वर्षाला ०.२ विकला आहे, म्हणून १७,००० वर्षांपूर्वी हे अंतर १३ अंशांच्या आसपास होतं. दोन्ही काळांत प्रमाण साधारण १ ला १३-१४.

आता प्रतिमेवर ठिपक्यांच्या पुंजक्याची लांबी मोजा आणि पुंजक्याच्या मध्यापासून बैलाच्या डोळ्यापर्यंतचं अंतर मोजा. दुसऱ्याला पहिल्याने भागा. उत्तर १३ च्या जवळपासही जात नाही, पुंजका तुलनेने बराच मोठा काढला आहे. माझ्या मते 'नकाशा' हा शब्द इथेच गळतो. चित्र कृत्तिकांचं असू शकेल. नक्षत्राच्या आठवणीने काढलेला बैल असू शकेल. मापाचा नकाशा मात्र तो नाही.

शकटाची परीक्षा घेताना आणखी एक गोष्ट. रोहिणी त्या शकटाच्या पुंजातली नाही. ती ६५ प्रकाशवर्षांवर, पुंज सुमारे १५० प्रकाशवर्षांवर, आणि दोघांच्या चाली वेगळ्या. १७,००० वर्षांपूर्वी रोहिणी शकटाच्या तुलनेत सुमारे पाऊण अंश उत्तरेकडे होती. ज्या व्ही आकारावर डोळा ठेवून लोक तुलना करतात, त्याचं एक टोक तेव्हा थोडं वेगळ्या जागी होतं. आजच्या फोटोवर बैलाचा चेहरा चिकटवणाऱ्या प्रतिमा म्हणूनच बाजूला ठेवा.

ऋतूचा दावा: आधी तारीख, मग स्टेलॅरियम

लास्कोची चित्रं मुख्यतः लोहाच्या आणि मँगेनीजच्या खनिज रंगांची आहेत. त्यांचं थेट कार्बन-मापन होत नाही. वय ठरतं ते गुहेत मिळालेल्या कोळशावरून आणि शिंगांवरून. लोकप्रिय लेखांत १७,००० वर्षं हा आकडा येतो, आणि इथे मोठा खड्डा आहे. १७,००० 'कार्बन वर्षं' म्हणजे कॅलेंडरची सुमारे २०,५०० वर्षं. कार्बनचं वातावरणातलं प्रमाण बदलत राहिल्यामुळे हा फरक पडतो आणि तो दुरुस्त करून घ्यावा लागतो. ऑक्सकॅल हा फुकट प्रोग्राम ते काम करतो. रेनडिअरच्या शिंगांची अलीकडची मापनंही २१,००० वर्षांच्या आसपास जातात. लेखात आकड्यापुढे 'दुरुस्त' की 'अदुरुस्त' हे लिहिलं नसेल तर त्यावर ऋतूचं गणित करू नका.

स्टेलॅरियममध्ये एफ ६ दाबून स्थळ द्या: ४५.०५ उत्तर, १.१७ पूर्व. एफ ५ ने वेळेची खिडकी उघडून वर्ष −१५००० टाका. या प्रोग्राममध्ये शून्य वर्ष असतं, त्यामुळे −१५००० म्हणजे इ.स.पू. १५००१, एका वर्षाने काही बिघडत नाही, पण ठाऊक असावं.

खिडकीत दिसणाऱ्या महिन्यावर मात्र अजिबात विश्वास नको. प्रोग्राम जुन्या काळासाठी ज्युलियन पंचांग मागे ताणत नेतो आणि ते इतक्या मागे साडेतीन-चार महिन्यांनी घसरलेलं असतं. २१ मार्च टाकून 'वसंतसंपात' (वसंतातला दिवस-रात्र समान असण्याचा दिवस) समजणारा माणूस हिवाळ्याची सुरुवात बघत असतो. शिवाय पृथ्वीचं फिरणं मंदावत आल्याने घड्याळाचा साचलेला फरक तिथे दिवसांत मोजावा लागतो. म्हणून असं करा: एफ ३ ने सूर्य शोधा, माहितीतला त्या दिवसाचा क्रांतिवृत्तीय भोग (सूर्याच्या वार्षिक मार्गावर वसंतसंपातापासून मोजलेलं अंतर, इंग्रजीत इक्लिप्टिक लाँगिट्यूड) बघा आणि बेरीज-वजाबाकीच्या कळांनी एकेक दिवस पुढेमागे जा. भोग ० अंश झाला की वसंतसंपात, ९० ला दक्षिणायनाची सुरुवात, १८० ला शरदसंपात. ग्रहांच्या जागा आणि ग्रहणं इथे तपासूच नका, त्या गणिताची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते.

आता अल्सायोनी निवडा. −१५००० साली तिचा भोग १८७ अंशांच्या आसपास मिळेल. म्हणजे वसंतसंपाताला सूर्य मावळताना कृत्तिका पूर्वेला उगवायची आणि शरदसंपाताच्या सुमारास सूर्याच्या तेजात हरवायची. ती तेव्हा खगोलीय विषुववृत्तालगत होती, म्हणून उगवायची जवळपास नेमकी पूर्वेला आणि लास्कोहून जास्तीत जास्त ४५ अंश वर यायची. आज तिथून ती ६९ अंशांपर्यंत चढते. ऋतूच्या दाव्याचं आकर्षण या सुंदर योगात आहे.

वर्ष बदलून −१९००० करा. भोग १३१ च्या आसपास येतो, क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) जवळपास २० अंश उत्तर होते. हरवण्याचा काळ ऐन उन्हाळ्यात सरकतो, म्हणजे जवळपास दोन महिन्यांचा फरक. उगवायची दिशाही ईशान्येकडे झुकते. संपाताशी जुळलेला योग संपला. एका कार्बन-दुरुस्तीने एवढा बदल होत असेल, तर ऋतूचा दावा मांडताना दोन्ही वर्षांचे निकाल शेजारी-शेजारी द्यायला हवेत.

ऋतूचा विचार करायला तारेच लागतात असंही नाही. लास्कोवर दीर्घकाळ काम केलेल्या नॉर्बेर ओजुला यांनी केसांच्या आणि शिंगांच्या तपशिलांवरून दाखवलं, की घोडे वसंताच्या सुरुवातीचे, रानबैल उन्हाळ्यातले आणि हरणं शरदातली आहेत, आणि चित्रं एकावर एक येतात तिथे क्रमही तोच: आधी घोडा, मग बैल, मग हरीण. हा पुरावा भिंतीवरच आहे. ताऱ्यांची कल्पना त्याच्याशी जुळवून बघावी, त्याच्या जागी बसवू नये.

विवरातला त्रिकोण

राप्पेनग्ल्युक यांनी विवरातल्या बायसन, पक्षीमुखी माणूस आणि काठीवरचा पक्षी यांच्या डोळ्यांत अभिजित, हंस (डेनेब) आणि श्रवण यांचा उन्हाळी त्रिकोण पाहिला. हा तपासायला पाच मिनिटं पुरतात. आकाशातल्या त्रिकोणाच्या बाजू २४, ३४ आणि ३८ अंश. कोन साधारण अभिजितला ८०, हंसला ६२, श्रवणला ३८. श्रवणाची निजगती मोठी असल्याने तो १७,००० वर्षांत ३ अंश सरकला आहे, तरी त्रिकोण ओळखण्याजोगा राहतो.

अडचण अशी, की कोणतेही तीन बिंदू त्रिकोण करतातच. आकाशातले ५० ठळक तारे घेतले तर १९,६०० त्रिकोण तयार होतात. कोनांत १० अंशांची सूट दिली की तुमच्या स्वयंपाकघरातल्या तीन डब्यांनाही एखादा तारकात्रिकोण सापडेल. तीन बिंदूंवर उभा असलेला दावा, मग तो कितीही मोहक असो, मापाने सिद्ध होत नाही. पुढची मेहनत वाचवायची असेल तर तो सोडून द्या. स्पेनमधल्या एल कास्तियो गुहेतल्या ज्या ठिपक्यांना 'उत्तर मुकुट' हा तारकासमूह म्हटलं जातं, त्यांना मात्र वरची जोड्यांच्या अंतरांचीच पद्धत लावावी. बिंदू जास्त असले की चाचणीला धार येते.

दिशा

लास्कोचं मूळ तोंड उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या मावळतीकडे होतं, असं शांताल जेग-वोल्किएविझ यांचं म्हणणं. सपाट क्षितिजावर ४५ अंश अक्षांशाला त्या दिवशी सूर्य ३०४-३०५ दिगंशावर (उत्तरेपासून पूर्वेकडून मोजलेल्या कोनावर) मावळतो. हा आकडा १७,००० आणि २१,००० वर्षांसाठी जेमतेम अंशभर बदलतो. समोरच्या टेकडीने मात्र तो हलतो: क्षितिज १ अंश उंच असेल तर मावळती अंश-सव्वा अंश दक्षिणेकडे सरकते. १९४०च्या दशकात लोकांसाठी गुहा उघडताना प्रवेशद्वार फोडून रुंद केलं गेलं, हेही हिशोबात धरायला हवं.

हीच पद्धत आपल्याकडे

श्रीनगरजवळच्या बुर्झाहोमला सापडलेल्या शिळेवर शिकारीच्या दृश्यावर दोन सूर्य कोरले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी त्यातला एक सूर्य म्हणजे सारथी तारकासमूहातल्या एचबी-९ या अतिनवताऱ्याचा (सुपरनोव्हाचा) स्फोट, आणि शिकारी म्हणजे मृग, असं सुचवलं. सरावासाठी हे उत्तम उदाहरण आहे: आकृत्यांच्या आपसातल्या अंतरांवर वरचीच जोड्यांच्या अंतरांची चाचणी, आणि शिळेच्या वयाच्या दोन्ही टोकांना स्फोटाचं वय बसतं का, एवढं तपासायचं.

रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या सड्यांवरच्या कातळशिल्पांकडेही आकाशाच्या नजरेने पाहायचा मोह होतो. तिथे गुहा नाही, माथ्यावर उघडं आकाश आहे, त्यामुळे दिशा मोजणं सोपं आहे. पण जांभ्यात लोह भरपूर असतं आणि देवाचे गोठणेसारख्या ठिकाणी होकायंत्र सपशेल चुकतं. दिशा सूर्याच्या सावलीवरून किंवा दोन लांबच्या जीपीएस बिंदूंवरून काढा. शिल्पात खडू किंवा चुना भरायचा नाही, बूट घालून आत उतरायचं नाही. झाडूने केर काढावा आणि सकाळी साडेसात-आठच्या तिरप्या उन्हात, मोजपट्टी शेजारी ठेवून, सरळ वरून फोटो घ्यावा. खळगे मोजताना जांभ्याला नैसर्गिकरीत्या पडणारी भोकं वगळा. ती वेगळी काढायला कडा बघा: कोरलेल्या खळग्याची कड बाहेरून आत उतरती आणि घासलेली असते, नैसर्गिक भोकाची कड खडबडीत आणि आतून पोकळ. शंका आली तो खळगा यादीत 'संशयित' म्हणून वेगळा लिहा आणि सगळं गणित दोनदा करा, एकदा त्याला धरून आणि एकदा वगळून.